दुःखाच्या घरी धावून येणारं बिछायत केंद्र: आर्वीकडचा अनुभव

लग्नाच्या हॉलचे, डीजेचे, केटरर्सचे रिव्ह्यू सगळेच लिहितात. मयतीच्या घरी सतरंज्या, शीतपेटी आणि पाण्याचे जार घेऊन येणाऱ्या माणसाबद्दल कोणी लिहीत नाही. मग वेळ आली की घरातली माणसं रात्री दोन वाजता मोबाइलमध्ये नंबर शोधत बसतात. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. आर्वी, तळेगाव, तिवसा या पट्ट्यातल्या लोकांना उपयोगी पडेल.

आर्वी-तळेगाव रस्त्यावर एका फाट्याला हे बिछायत केंद्र आहे. दुकानाचं नाव टाकू नका, असं मालकांनीच सांगितलं. मयतीवर जाहिरात केली असं लोकांनी म्हणावं हे त्यांना नको आहे. फाट्यावर चहाच्या टपरीवर ‘पेटीवाले भाऊ’ म्हणून विचारा, कोणीही घर दाखवेल.

मी सेवाग्रामला नर्सिंग शिकले आणि आता मस्कतला एका दवाखान्यात काम करते. बाबा मे महिन्यात गेले, रात्रीचे. मी ड्युटीवर होते. दादाने आधी एका शहरातल्या शीतपेटीवाल्याला फोन लावला. त्याने पहिल्यांदा अॅडव्हान्स मागितला. पैसे खात्यात दिसल्याशिवाय गाडी निघणार नाही म्हणाला. बाबांना पलंगावरून खाली घेतलेलं, आई भिंतीला टेकून बसलेली, आणि दादा अंगणात उभा राहून पिन नंबर टाकतोय, नेटवर्क नाही. तेवढ्यात शेजारच्या काकांनी या फाट्यावरच्या भाऊंना उठवलं. छोटा हत्ती घेऊन ते अर्ध्या तासात दारात आले. माझ्याशी फोनवर त्यांचं एवढंच बोलणं झालं, “ताई, तुमी निंगा तिकडून. बाबाले आमी सांभाळतो. पैशाचं तेरवीनंतर पाहू.”

मस्कतहून मुंबई, मुंबईहून नागपूर, तिथून गाडीने तळेगावमार्गे घरी, दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला पोचले. तोपर्यंत बाबांना ठेवणं ही या सेवेची खरी परीक्षा होती, म्हणून पेटीबद्दल आधी सांगते.

मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो. गावात सगळ्यांचे कूलर चालू, विहिरींवर मोटारी चालू, त्यामुळे व्होल्टेज पार खाली. फ्रीजचा कॉम्प्रेसर नुसता घुरघुरतो आणि बंद पडतो. शीतपेटीचंही तेच होतं, आणि अशा वेळी पेटी बंद पडली की काय होतं ते मी नर्स म्हणून जाणते. भाऊंनी पेटी आणल्या आणल्या घरातल्या बोर्डाला लावली नाही. स्वतःची जाड वायर मीटरपासून ओढली, मधे स्टॅबिलायझर बसवला आणि पेटी रिकामीच चालू करून गार होऊ दिली. मगच बाबांना आत ठेवलं. पेटी ओसरीत भिंतीपासून हातभर पुढे ठेवली, कारण मागून गरम हवा बाहेर पडायला जागा लागते. ओसरीतला कूलर बंद करायला सांगितला. कूलरची दमट हवा काचेवर बसते आणि आतलं दिसेनासं होतं, हे त्यांनी आलेल्या लोकांना समजावून सांगितलं. रात्री डीपीवर लोड येऊन लाइट गेली तेव्हा मागच्या अंगणात त्यांचा छोटा जनरेटर तयार होता. तो घरापासून लांब, गोठ्याच्या पलीकडे ठेवला होता, आवाज आणि धूर माणसांत येऊ नये म्हणून.

काचेवर तरीही दव धरायचंच. त्यासाठी त्यांच्याकडचा एक पोरगा, मिसरूड फुटलेला, पेटीच्या डोक्याकडे बसून होता. हातात जुन्या धोतराचा मऊ तुकडा. दारातून कोणी आत आलं की तो उठायचा, बाबांच्या चेहऱ्यावरची काच वरून खाली एकदा पुसायचा आणि बाजूला सरकून पुन्हा बसायचा. मी आले तेव्हाही त्याने तसंच केलं. मला बाबा स्वच्छ दिसले. हे काम बिलात कुठेच लिहिलेलं नव्हतं.

आता वहीबद्दल. भाऊंकडे एक लांबट वही आहे. त्यात घरमालकाचं नाव, खाली दिलेल्या वस्तू: पेटी, सतरंज्या, खुर्च्या, ताडपत्री, जार, गंज (मोठी पातेली), कढया, पराती, वाट्या. या यादीवर ते दुःखाच्या घरातल्या कोणाचीही सही घेत नाहीत, शेजाऱ्याची घेतात. वस्तू मोजून घेणं, परत मोजून देणं, फुटलं-हरवलं तर बोलणं, सगळं त्या शेजाऱ्याशी. आमच्या काकांनी सही केली आणि तेरवी होईपर्यंत दादाला एकाही वाटीचा हिशेब कोणी विचारला नाही. मला या सेवेतलं सगळ्यात जास्त काय आवडलं असं कोणी विचारलं तर मी ही शेजाऱ्याची सही सांगेन.

ही गोष्ट मला एवढी लागली, कारण मस्कतला मी फिलिपिनो लोकांचं दुःख जवळून पाहिलं आहे. आमच्या दवाखान्यात निम्म्या नर्स तिकडच्या. माझी रूममेट लेते बेटावरची. २०२३ च्या त्यांच्या सरकारी पाहणीत परदेशात काम करणारे फिलिपिनो वीस लाखांच्या वर निघाले होते. म्हणजे कोणाचं ना कोणाचं माणूस रोज कुठेतरी लांब वारतं, आणि रडायला जाता येत नाही. त्यामुळे जे जिथे असतील तिथेच ते दुःखाचं घर मांडतात. आमच्याकडच्या एका फिलिपिनो टेक्निशियनची आई गावी वारली तेव्हा त्याला सुट्टी मिळाली नाही. त्याच्या फ्लॅटमध्ये आईचा फोटो, मेणबत्त्या, आणि नऊ रात्री लोक. रोज ड्युटी संपली की युनिफॉर्मवरच यायचे, जपमाळ म्हणायचे, नूडल्स आणि भात खायचे, मध्यरात्रीपर्यंत बसायचे. एका डब्यात पाकिटं टाकलेली असायची. कोणी किती टाकले ते एका कागदावर लिहिलेलं, कारण उद्या त्याच्याकडे असं काही झालं तर आपण परत करायचं असतं. ह्या पैशाला ते आबुलोय म्हणतात. बाबांची बातमी आली तेव्हा मी फिलिपिनो नाही, ख्रिस्ती नाही, तरी माझ्या पासपोर्टमध्ये तसंच एक पाकीट निघालं. माझ्या पुढच्या ड्युट्या वाटून घेतलेल्या होत्या, आणि रूममेटने बॅग भरून ठेवली होती. त्यात तिने पांढरी ओढणी वर ठेवली होती. आमच्यात पांढरं घालतात का, हे तिने वॉर्डातल्या दुसऱ्या मराठी मुलीला विचारून घेतलं होतं.

फिलिपिन्समध्ये मृतदेह टिकावा म्हणून त्यात रसायनं भरून कफनपेटीत ठेवतात आणि तीन ते सात दिवस, परदेशातून कोणी यायचं असेल तर त्याहूनही जास्त, घरात किंवा चॅपलमध्ये लोक जागरण करतात. याला लामाय म्हणतात. पेटीजवळ एक तरी माणूस सतत जागं पाहिजे. रस्त्यावर तंबू पडतो, खुर्च्या-टेबलं येतात, आणि हे सामान बऱ्याच ठिकाणी बारांगाय, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारखी त्यांची सगळ्यात खालची सरकारी व्यवस्था, पुरवते. झोप येऊ नये म्हणून पत्ते खेळतात, बिंगो खेळतात, आणि जिंकलेल्या पैशातला थोडा वाटा बाजूला काढून घरच्यांना देतात. आपल्याकडच्या म्हाताऱ्या लोकांना मयतीच्या घरी पत्ते हे ऐकूनच कसंतरी होईल. पण त्या पैशातून कफनपेटीचा खर्च, जमिनीचं भाडं निघतं, आणि रात्रभर घर उघडं, उजेडात राहतं. कित्येक वस्त्यांमध्ये दामायान नावाची पद्धत आहे: कोणी वारलं की प्रत्येक घराने ठरलेली छोटी रक्कम द्यायची. मृतदेह घरात आहे तोवर झाडू मारायचा नाही, आलेल्या पाहुण्याला घरच्यांनी दारापर्यंत पोचवायला जायचं नाही, आणि पाहुण्यानेही तिथून सरळ स्वतःच्या घरी न जाता वाटेत कुठेतरी थांबून मग जायचं, असेही नेम आहेत.

आपल्याकडे तेवढे दिवस ठेवायची पद्धतच नाही, आणि नको. माझ्यासाठी बाबांना एक दिवस ठेवलं तेच आईला जड गेलं. शिवाय आपलं एक मला त्यांच्यापेक्षा बरं वाटतं. लामायमध्ये आलेल्या माणसांना खाऊ-पिऊ घालायची जबाबदारी घरच्यांवर येते, शेजारी मदत करतात तरी. आपल्याकडे त्या घरात चूलच पेटत नाही. पहिल्या रात्री आमच्याकडे पाच घरांतून पिठलं-भाकर आली, कोणी ठेचा आणला, आणि मावशीने आईच्या तोंडात घास घालून तिला बळंच खायला लावलं. भाऊंनी त्या वेळी पाण्याचे जार आणि चहाचा गंज दिला होता, पण चहा शेजारच्या घरी उकळायचा, या घरात नाही, असं त्यांनी पोरांना बजावून ठेवलं होतं. रात्री गुरुदेव सेवा मंडळाची माणसं खंजिरी घेऊन आली आणि पहाटेपर्यंत भजनं झाली. त्यांच्यासाठी सतरंजी वेगळी, ओसरीच्या उजव्या बाजूला, आधीच टाकलेली होती.

भाऊ सगळ्यांकडे जातात, हेही लिहायला पाहिजे. आमच्या भागात हिंदूंच्या दहाव्या-तेरवीचं, बौद्धांच्या जलदानाचं, मुसलमानांच्या मयतीचं सामान त्यांच्याकडूनच जातं. गेल्यावर त्यांचा पहिला प्रश्न असतो, “तुमच्यात कसं करता?” बौद्ध घरी पांढरं कापड आणि मेणबत्त्या, मुसलमान घरी पेटी लागतच नाही कारण माती लवकर देतात, पण आंघोळीसाठी आडोसा आणि पाणी लागतं. आपल्या मनाने काही मांडत नाहीत. काकांनी सांगितलं की मागे एका शेतमजुराच्या घरी त्यांनी डिझेलपुरते पैसे घेतले आणि वहीत पुढे रेघ मारून टाकली.

मला खरं बोलायचं आहे ते तिसऱ्या दिवसाबद्दल.

राख सावडून झाली, अस्थी कौंडण्यपूरला वर्धा नदीत शिरवून आलो, आणि परत येऊन पाहते तर अंगण रिकामं. ताडपत्री गुंडाळलेली, खुर्च्या गाडीत चढवलेल्या. यात भाऊंची चूक नाही, सगळीकडे हीच रीत आहे: सामान तिसऱ्या दिवशी जातं आणि तेरवीला परत येतं. लोकही तसेच. तिसऱ्याला येऊन गेले की तेरवीलाच येतात. मधले दिवस घरात आई, दादा-वहिनी, आणि बाबांच्या औषधांची पिशवी. पाहुणे कामाला लागलेले, पेरणीआधीच्या मशागतीचे दिवस. शेजारची बाई दारातून डोकावते, पण बसायला काही टाकलेलं नसतं, मग उभ्या उभ्या दोन शब्द बोलून निघून जाते. माझी आई त्या संध्याकाळी बाबांच्या खाटेकडे पाठ करून बसली आणि कोणी हाक मारली तरी बोलेना.

मला त्या फ्लॅटमधल्या नऊ रात्री आठवल्या. फिलिपिनो लोक ह्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेला पासियाम म्हणतात. त्यात प्रार्थना आहेच, पण रोज त्याच वेळी तीच माणसं येतात हे घरच्यांना ठाऊक असतं. तो टेक्निशियन सहाव्या दिवशी पहिल्यांदा आईबद्दल बोलला होता. पुढे चाळिसाव्या दिवशी पुन्हा जमतात, आणि वर्ष झालं की दुखवटा उतरवायला पुन्हा. माझ्या रूममेटचं गाव ८ नोव्हेंबर २०१३ च्या योलांदा वादळात गेलं. तिच्या घरातली माणसं सापडलीच नाहीत. तिथल्या ताक्लोबान शहरात त्या वेळी कित्येक मृतदेह सामूहिक खड्ड्यांत पुरावे लागले, लामाय करायला ना घर राहिलं ना अंग. तरीही दर वर्षी त्या तारखेला तिच्या गावाकडचे लोक मेणबत्त्या लावतात, आणि मस्कतला आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर ती लावते. तेव्हाही तिच्यासोबत बसायला दोघी-तिघी येतातच.

म्हणून मी भाऊंना फोन केला आणि म्हटलं, दहा खुर्च्या आणि एक सतरंजी दहाव्यापर्यंत ठेवा, भाडं लावा. ते गाडी घेऊन परत आले. खुर्च्या त्यांनी अंगणात निंबाखाली गोल मांडल्या, ओळीत नाही, आणि एक जार भरून ठेवला. “खुर्ची दिसली का मानूस बसते, ताई,” एवढंच म्हणाले. त्या संध्याकाळी पहिले शाळेतले गुरुजी बसले, बाबांचे जुने मित्र. मग रस्त्याने जाणाऱ्या दोघी बाया सतरंजीवर टेकल्या. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी आणखी चौघं. कोणाला बोलावणं गेलं नव्हतं. गुरुजींनी बाबांची बैलबाजारातली एक जुनी गोष्ट काढली तेव्हा आई आतून म्हणाली, तसं नाही, तो बैल आर्वीच्या बाजारातला नव्हता. आणि बाहेर येऊन बसली. पूर्ण गोष्ट तिनेच सांगितली.

खुर्च्यांचं त्या मधल्या दिवसांचं भाडं भाऊंनी लावलं नाही. मी आग्रह केला तरी नाही. आता ते तिसऱ्याला सामान उचलताना दहा खुर्च्या ठेवू का, असं प्रत्येक घरी विचारतात, असं दादाने परवा फोनवर सांगितलं. कोणी हो म्हणतं, कोणी नको म्हणतं.

तेरवीचं थोडक्यात. गंज, कढया, पराती सगळं घासूनपुसून आलं, राखेचा वास नाही, तळाला जुनं तेल नाही. किती माणसांचा स्वयंपाक, हे ठरवताना भाऊंनी दादाला गावजेवणाचा हट्ट करू नका असं सरळ सांगितलं. सामान जास्त गेलं असतं तर धंदा त्यांचाच वाढला असता. तेरवीसाठी सावकाराकडून पैसे काढणारी घरं त्यांनी पाहिली आहेत. फिलिपिन्समध्येही कफनपेटी, रसायनं, जमीन यात लोक कर्जात जातात, आणि आबुलोय ते कर्ज जरा हलकं करतं. आपल्याकडे दुखवट्याला टोपी, लुगडं, टॉवेल असा आहेर येतो. कपाट भरतं, पण दवाखान्याचं बिल तसंच राहतं. आमच्या काही नातेवाइकांनी या वेळी कपड्याऐवजी पाकीट दिलं आणि दादाने ते वहीत लिहून ठेवलं. मला ते योग्य वाटलं.

उणिवाही सांगते, कारण भाऊ हे वाचणार आहेत आणि त्यांना चालेल. एक, बाहेरगावाहून आलेल्या बायांसाठी काहीच सोय नाही. शेजारच्या घरचा संडास वापरायला त्या संकोचतात आणि दिवसभर पाणी पीत नाहीत. मे महिन्यात आमच्याकडे एक वहिनी त्यामुळे चक्कर येऊन पडल्या. एखादा फिरता संडास किंवा निदान चार बांबूंचा नीट आडोसा आणि पाण्याची टाकी सामानात असलीच पाहिजे. दोन, बायांची सतरंजी उन्हाच्या बाजूला येते. पुरुषांना मांडव आणि बायांना भिंतीची सावली, तीही दुपारी सरकते. ताडपत्री दोन्हीकडे हवी. तीन, प्लास्टिकचे ग्लास. तिसऱ्या दिवशी ते नालीत, गोठ्यात, सगळीकडे पडले होते. स्टीलचे ग्लास आणि घासायला एक माणूस द्या, त्याचे पैसे लोक देतील. चार, पेटी एकच आहे. त्याच आठवड्यात पलीकडच्या गावात दुसरी मयत झाली असती तर काय, याचं उत्तर त्यांच्याकडे नाही. पेटी ही एकट्या दुकानदाराने घ्यायची वस्तूही नाही. गावातल्या बचत गटांनी गंज-पराती घेतल्या आहेत तशी ग्रामपंचायतीने एक पेटी आणि पन्नास खुर्च्या घेऊन ठेवायला काय हरकत आहे? बारांगायला जमतं ते आपल्याला का जमू नये, हे मी सरपंचांना भेटून विचारून आले आहे. ते पुढच्या ग्रामसभेत विषय घेतो म्हणाले.

बिल तेरवीनंतर तीन दिवसांनी एका साध्या कागदावर आलं, काकांच्या हाती. पेटीचे एका दिवसाचे १,५०० रुपये, जनरेटरला लागलेलं डिझेल, खुर्च्या, सतरंज्या, भांडी यांचं लग्नात लावतात त्याहून कमी भाडं. जारचे पैसे नाहीत, रात्रीच्या फेरीचे जास्तीचे पैसे नाहीत. हरवलेल्या चार वाट्या ‘जाऊ द्या’ म्हणून खोडलेल्या. मस्कतहून आलेल्या पाकिटातून मी हे बिल भरलं आणि उरलेले पैसे आईजवळ ठेवले. रूममेटला फोनवर सांगितलं तेव्हा तिने विचारलं की तुमच्याकडे खुर्च्या किती दिवस ठेवल्या.

पाचपैकी साडेचार तारे. अर्धा तारा बायांच्या सोयीसाठी कापला आहे. ती झाली की मी हा रिव्ह्यू बदलेन.

फोन करताना एवढं तयार ठेवा: घरातलं मीटर कुठे आहे, गाडी दारापर्यंत येते की गल्लीच्या तोंडाशी थांबते, आणि सही करायला कोणता शेजारी आहे. उन्हाळ्यात पेटी हवी असेल तर जनरेटरही आणा असं आठवणीने सांगा. नंबर लागला नाही तर फाट्यावरच्या टपरीवाल्याला सांगा. तो पहाटे चारला उठतो आणि भाऊंचं घर त्याच्या मागच्याच गल्लीत आहे.